मसिराला सांगायचं ठरलं होतं

नवऱ्याची नोकरी गेली होती. मस्कत कायमचं सोडायचं, हे दहा वर्षांच्या लेकीला सुट्टीत कुठेतरी फिरायला नेऊन शांतपणे सांगावं, असं आमचं ठरलं. हे ‘कुठेतरी’ म्हणजे नवऱ्याने निवडलं मसिरा बेट. मस्कतमधल्या अल हैलच्या आमच्या घरून निम्मा दिवस वाळवंटातून गाडी, पुढे बोट. बोट गाड्यांनी भरल्याशिवाय हलत नाही, आणि कधी सुटणार विचारलं की खलाशी नुसतं ‘इन्शाल्ला’ म्हणायचा. मी इतकी दमले होते की चिडायलाही जीव नव्हता.

बेटावर वारा आणि काळा दगड. समुद्राच्या तळाशी उसळलेला लाव्हा कसा वर आला, ते नवरा कौतुकाने सांगत होता. काळा दगडच बघायचा तर सिंहगड काय वाईट होता, मी म्हटलं. लेक मात्र खूश होती. खडकांवर चढली, फ्लेमिंगोंच्या मागे धावली, वाळूत कासवांचे माग बघून “इथून ट्रॅक्टर गेला का?” म्हणाली. तिला हसताना बघून आम्ही सांगणं पुढे ढकलत राहिलो. सकाळचं दुपारवर, दुपारचं संध्याकाळवर. त्या ढकलण्यानेच मी प्रवासापेक्षा जास्त थकले.

दुसऱ्या दिवशी मल्याळ्याच्या कॉफीशॉपबाहेर चहा घेताना नवऱ्याने घसा खाकरला. “बेटा, आता आपण घरी जायचं हं. कायमचं.”

तिने लगेच चपला चढवल्या. “फायनली! मला पण बोअर झाला. घरी गेल्यावर मी आधी माझ्या रूममध्ये एसी लावून झोपणार.”

‘कायमचं’ हा शब्द तिला कळलाच नसावा. आणि ‘घरी’ तिला कळलं ते अल हैलचं. आम्ही दोघं तिच्यासमोर उठता-बसता ‘घरी कधी जायचं’ म्हणत आलो, ते पुण्याबद्दल. तिचं घर कुठलं, हे कधी मनातही आलं नव्हतं. नवरा कपात बघत बसला, म्हणजे आता बोलायचं माझ्यावर आलं.

“तसं नाही गं,” मी म्हटलं, “पुण्याला. आपल्या घरी. आता तिथेच राहायचं, इथे परत नाही यायचं.”

ती माझ्याकडे बघून म्हणाली, “पण तो तर आजीचा घर आहे.”

एरवी मी तिथल्या तिथे ‘ते आजीचं घर’ म्हणून तिला दुरुस्त केलं असतं. त्या दिवशी काही दुरुस्त करावंसं वाटलं नाही. घर आजीचंच होतं.