खालचा सूर

तेगविन आयुष्यभर खालचा सूर गायला. दगडखाणीत राबला, लग्नाच्या भानगडीत पडला नाही, आणि दर नाताळात थोरल्या भावाच्या, मेरिगच्या, आवाजाखाली आपला आवाज धरून चॅपलमध्ये उभा राहिला. आमच्याकडं त्या संध्याकाळी घराण्याघराण्याची गाणी होतात. ज्याचं गाणं त्यानंच म्हणायचं, दुसऱ्यानं त्यात तोंड घालायचं नाही.

मेरिग गेल्यावर त्याची लेक हेलेद वरचा सूर घेऊ लागली. ती शहरात असते. बापाचं घर विकलं गेलं. तिथं आता धबधबा बघायला आलेले पाहुणे आठवड्याच्या भाड्यानं उतरतात. तेगविन वृद्धाश्रमात, आणि तिथं रात्री कुणाला ठेवून घेत नाहीत.

यंदा हेलेदसाठी गावात एक खाट मिळेना. शेवटची बस गाणी सुरू व्हायच्या आधीच सुटते. तेगविन दारोदार फिरला. पण ज्याच्याकडं खोली, त्यानं ती भाड्यानं लावलेली. वर्षाची चूल त्याच आठवड्यावर पेटते. बेकरीवाली मॉरविद म्हणाली, "पहिल्या नाताळातही धर्मशाळेत जागा नव्हतीच, यात नवं काय, तेगविन?" तोही हसला.

माझ्या दुकानातूनच त्यानं पुतणीला फोन लावला.

"काका, यंदा तुम्ही एकटेच म्हणा. वरचं पाठ आहे की तुम्हाला."

"पाठ आहे गं. पण ते मेरिगचं."

संध्याकाळी चॅपल पाहुण्यांनी गच्च भरलं. तेगविन उठला आणि एकटाच खालचा सूर म्हणू लागला. चार सूर वर चढायचा, पुन्हा उतरायचा, मध्येच गप्प व्हायचा. तिथं एरवी वरचा आवाज एकटाच धावतो. ती वरची चाल आम्हा सगळ्यांच्या घशात येऊन थांबली होती. कुणी तोंड उघडलं नाही. रीत ती रीत.

गाणं संपलं समजून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यात टाळ्या वाजवत नाहीत. तेगविन त्या थांबेपर्यंत उभा राहिला, मग पुढचं कडवं धरलं. पुन्हा गप्प झाला, पुन्हा टाळ्या, जरा कमी. शेवटच्या कडव्याला काही जण कोट चढवत होते.

तो खाली बसला. शेजारची पाहुणी माझ्या कानाशी लागली, "मयताचं गाणं का हो हे?"

"नाही बाई," मी म्हटलं, "जन्माचं."

तेवढ्यात पुढच्या घराण्याची मंडळी गायला उठली.