सात बेटांची हजेरी

सिलिया मोउंगा हिने पांगाई या बंदरगावाच्या शाळेत एकतीस वर्षे व्याकरण शिकवले, आणि निवृत्तीनंतर आपल्या वाट्याला एकच वाक्य येणारे सात विद्यार्थी आले, अशी तिची तक्रार होती. हे विद्यार्थी म्हणजे आसपासच्या सात लहान बेटांचे गावअधिकारी. मोबाइलचा मनोरा पडला किंवा समुद्रातली तार तुटली तरी बेटांची खबर मिळत राहावी, म्हणून चर्चच्या सभागृहात सौर बॅटरीवर चालणारे बिनतारी यंत्र ठेवले होते. त्यावरून ती रोज सकाळी आठ वाजता हजेरी घेई. प्रत्येक बेट आपले नाव सांगे आणि म्हणे, "साइ पे." म्हणजे ठीकच आहे. होडीचे इंजिन बुडाले तरी साइ पे. म्हातारी वारली तरी साइ पे, दफन शनिवारी.

बिनतारीवर एकाचे बोलणे सातही बेटांना ऐकू जाते, आणि आपली अडचण अशी चारचौघांत मांडणे तिथे बेअब्रूचे समजले जाते. 'साइ पे' ही माहिती नसून निव्वळ सभ्यता आहे, असे सिलियाने राजधानीतल्या संबंधित खात्याला चार पत्रांतून कळवले. चौथ्या पत्राला उत्तर आले. सर्व बेटे ठीक असल्याबद्दल त्यात समाधान व्यक्त केले होते.

फेब्रुवारीतल्या वादळाने मनोरा खरोखरच आडवा केला. तिसऱ्या सकाळी धक्क्यावर पिण्याच्या पाण्याची पिंपे भरलेली एकच बोट उभी होती. उत्तरेला सहा बेटे, दक्षिणेला एकटे मोतुकाओ. उत्तरेला गेलेली बोट चार दिवस परतणार नव्हती.

"ओहोटी लागलीय, बाई," कप्तान लातु दारातून म्हणाला. "अर्ध्या तासात दिशा सांगा."

हजेरी झाली. सातही बेटे ठीकच होती. पण मोतुकाओ सर्वांत सखल, आणि तिथे पावसाचे पाणी साठवणारी एकच टाकी, तीही लाटांच्या तोंडाशी. तिथला अधिकारी पेनिसिमानी हा सिलियाचा पहिलीपासूनचा वर्गबंधू. शाळेत पाय मोडला तेव्हाही तो चालत घरी गेला होता.

"पेनिसिमानी, टाकीत पाणी किती?"

"काठोकाठ."

"कसलं?"

"पाणी पाण्यासारखंच असतं, बाई. तू व्याकरण शिकवायचीस ना? मग विज्ञानात कशाला शिरतेस?"

कुठल्यातरी बेटावर कुणी हसले. सरळ प्रश्नाला हा माणूस मरेपर्यंत सरळ उत्तर देणार नाही, आणि मरण फार लांब नसावे, असे सिलियाला वाटले.

"बरं. सकाळी काय खाल्लंस?"

"भाजलेला नीरफणस."

"काल?"

"भाजलेला नीरफणस."

"उकडून का नाही खात?"

"भाजलेला चांगला लागतो."

"लोसालिनेने चहा घेतला?"

लोसालिने ही त्याची बायको. ती दिवसातून आठ वेळा चहा पिते, हे सातही बेटांना माहीत होते.

"आज नको म्हणाली."

त्याचे बोट बटणावरच राहिले असावे, कारण मागून कोंबडा आरवला आणि पाठोपाठ एक बाई ओरडली, "मी कधी नको म्हणाले?"

सिलियाने लातुला बोटाने दक्षिण दाखवली.

"पण तो तर काठोकाठ म्हणतोय!"

"नीघ तू."

यंत्रावर पेनिसिमानीचा आवाज खाली आला. "सगळे ऐकताहेत गं."

"ऐकू देत. मी फक्त चहाची चौकशी केली."

संध्याकाळी बोट पोचली. टाकीत समुद्र शिरलेला होता. मोतुकाओची माणसे वादळापासून शहाळ्यांवर होती, आणि शेवटचे शहाळे आदल्या दुपारी एका बाळंतिणीला दिले होते. तिचे ओठ फुटले होते. तिने आधी पिंपाला कान लावून आतले पाणी हलताना ऐकले, मग ती प्याली.

दुसऱ्या सकाळी मोतुकाओचे नाव पुकारल्यावर बाईचा आवाज आला.

"सिलियाताई, लोसालिने बोलतेय. अकरा पिंपं मिळाली, एक गळकं. आठ दिवस पुरतील, नवव्या दिवशी पुन्हा पाठवा. बाळंतिणीला ताप आहे, नर्स हवी."

"तुम्ही एकूण किती?"

"तेवीस. पैकी एकाने तुमच्याशी बोलणं सोडलंय."

"राहू दे. उद्यापासून तूच बसत जा."

"बसणारच आहे," लोसालिने म्हणाली. "खुर्ची मी केव्हाच घेतलीय."