पाय गेले कुठे?

साताऱ्याहून निघालेली एसटी खोपोलीवरून पेणच्या बाजूला वळली आणि समोरचं जगच गायब झालं. धुकं! आपण आपल्याकडे ज्याला धुकं म्हणतो ती चहाची वाफ समजा. इथे कंडक्टरने खिडकीबाहेर हात काढला तो मनगटापासून दिसेना, आणि आत घेतल्यावर त्याने पाचही बोटं मोजून घेतली. मी वाढवून सांगत नाही, ती सवय मला नाही.

या धुक्यात मी शिरत होतो तो एका विनोदाच्या मागे. रोह्याचे माझे मामा चाळीस वर्षं गावोगावच्या नाटकांत सोंगाड्या (हसवणारं पात्र) होते. परवा त्यांचा फोन आला. घोगरा आवाज, जणू पोत्यातून बोलतायत.

"सोमवारी मुंबईला ऑपरेशन हाय. घशातली आवाजाची पेटीच काढणार."

मी नाक ओढलं.

"रडू नको रं. कामाचं ऐक. त्याआधी तुझ्या मामीला एकदा हसवायचीय. मिठागरवाल्याच्या गोष्टीवर सगळी पंचक्रोशी हसली, ती नाय हसली. मी सुरू केलं की उठून आत जाते. पेणचा वसंता आणि कासूचा गणाभाऊ तीच गोष्ट आपापल्या तऱ्हेनं सांगतात. ऐकून ये, काय जमतंय बघ."

गोष्ट ऐकून तुमच्यातले काही कानावर हात ठेवतील, पण सांगतो. जन्मभर मिठागरात राबलेला एक माणूस मरतो. मिठात उभं राहून पाय असे मुरतात की ते चितेवरही जळत नाहीत, असं खाडीकाठचे लोक म्हणतात. तसंच होतं. सगळा माणूस जळतो, पाय राहतात. दुसऱ्या दिवशी लोक अस्थी गोळा करायला जातात, तर पाय जागेवर नाहीत! राखेतून दोन पावलं उमटत निघून गेलेली. आता पाय गेले कुठे? इथून पुढे ज्याची त्याची करामत.

पेणला वसंताच्या कारखान्यात (इथे गणपती घडवायच्या जागेला कारखानाच म्हणतात) माघी गणपतीची घाई होती. दाराशी गुडघाभर धुकं आणि आत शे-दोनशे गणपती, अजून डोळे न उमटलेले, झोपेत कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे. वसंता आखणी करत होता, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखत होता. बाजूला आणखी चौघं तेच करत होते. वसंताने माझ्याकडे पाहिलंही नाही. तो मूर्तीच्या कानाशी कुजबुजल्यासारखी गोष्ट सांगू लागला. एक वाक्य, मग पापणीची एक रेघ, मग पुढचं वाक्य. एवढ्या वेळात माझी दाढी वाढली, मी हात लावून पाहिलं.

"पाय निघाले ते थेट मिठागरात," वसंता म्हणाला. रेघ पूर्ण केली. "मुकादमानं वही उघडली. बोल्ला, पाय हजर... बाकीचा माणूस गैरहजर... अर्धी हजेरी मांडा."

कुणी हसलं नाही. मला वाटलं, विनोद वाया गेला. तेवढ्यात पाचही कुंचले एकदम मूर्तींपासून वीतभर वर उचलले गेले, आणि मग कारखाना असा हसला की पत्रे हलले. हसून झालं, पाचही कुंचले पुन्हा खाली, पुन्हा चिडीचूप. आखणी करताना हात हलला तर देव चकणा होतो, म्हणून इथे हसूसुद्धा धरून ठेवतात.

"मामांना सांगा," वसंता म्हणाला, "घाई करायची नाय. हसू थांबण्यात असतं."

दुपारच्या गाडीने कासूला गेलो. डब्यात मी आणि एक कोंबडी. वाटेत खाडीचं पाणी चौकोनी तुकड्यांत पसरलेलं, प्रत्येक तुकड्यात आभाळाचा वेगळा रंग, आणि बांधावर मिठाचे ढीग, कुणी चंद्र कुटून ठेवल्यासारखे. कोंबडीही खिडकीतून बघत होती. आम्ही दोघं बोललो नाही.

गणाभाऊ वालाचा शेतकरी. संध्याकाळी त्याच्या शेतात पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे आणि कोंबडी भरायची (गाडीतली नव्हे, चौकशी केली), मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ. वासानेच माझी शुद्ध हरपली. पहिल्या घासाला मी पालाही खाल्ला.

"पावण्याला वाढा रं, भुकेनं झाडपाला खातोय!" गणाभाऊची बायको ओरडली.

गणाभाऊ गोष्ट तोंडाने सांगतच नव्हता, पळून सांगत होता. लुंगी वर खोचून जाळाभोवती दोन पाय असे धावत होते की कमरेवरचा गणाभाऊ धुरात खरंच दिसेनासा झाला.

"पाय पळालं, शेत ओलांडलं, रूळ ओलांडलं, हायवेवर पोचलं! हायवेचं खड्डं बघितलं आणि तसंच मागं वळून चितेवर येऊन बसलं. बोल्लं, जाळा बाबांनो, परवडलं!"

"पायांना तोंड कुठनं आलं हो?" बायकोने विचारलं.

"आमच्या कासूच्या पायांना असतंय!"

लोक शेतात लोळले. गणाभाऊ धापा टाकत माझ्याजवळ बसला. "मामाला सांग, थांबायचं नाय. माणसाला श्वास घेऊ दिला की तो विचार करतो. मग हसतोय कशाला?"

दोन गुरूंचे दोन उलटे मंत्र घेऊन रविवारी सकाळी रोह्याला उतरलो. कुंडलिका नदी धुक्याखाली अजून झोपलेली होती. मामी ओटीवर बिरडं (भिजवलेले वाल) सोलत होती. मामा खुर्चीत, गळ्याला मफलर. मी गोष्टीचं नाव काढताच मामी उठू लागली.

"बस गो," मामा म्हणाले. आवाज फोनवरच्याहून खाली गेला होता. "उद्यापासून उठून जायला कारण नाय ऱ्हायचं."

मामी बसली. मी आधी वसंतासारखा थांबलो, मग गणाभाऊसारखा पळालो, पळताना वालाची टोपली लाथाडली. मामीने खाली सांडलेले दाणे वेचले. हसली नाही. मामांनी मफलर सारखा केला आणि नदीकडे बघत राहिले. मी इतकी तोंडं पाहिलीत, पण हरलेल्या सोंगाड्याचं तोंड बघवत नाही.

"झालं तुमचं?" मामी म्हणाली. "माझा बाप मिठागरातला. तुम्ही मेले सगळे त्याचे पाय गावभर फिरवता. दमलेला माणूस कुठं जातो, येवढं पण कळत नाय?"

"कुठं गो?" मामांनी विचारलं.

"घरी." तिने एक वाल सोलला. "बा रोज उंबऱ्याभायेर उभा ऱ्हायचा. मीठ लागलेल्या पायांनी आत येयाचा नाय. बोंबलायचा, पानी दे गो! त्या दिवशी पाय येऊन तिथंच उभं ऱ्हायलं. आईनं दार उघडलं. बघितलं. बोल्ली, चाळीस वर्सं पानी दे गो, पानी दे गो, आणि आज गप का?"

ती थांबली. वसंताही असा थांबला नसता.

"मग गरम पानी आणलं, पाय चोळचोळून धुतलं, पुसलं, आणि वर बघून बोल्ली, मेल्या, येताना बाकीचा कुठं टाकून आलास?"

आणि आधी ती स्वतःच हसली. पदर तोंडात कोंबून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मामा बघतच राहिले, आणि मग तेही हसले, फाटक्या आवाजात, जेवढा उरला होता तेवढा सगळा खर्च करून.

"खरं हाय का गो हे?"

"चाळीस वर्सं नाटकं केलीत," मामी म्हणाली, "मी कधी विचारलं खरं का म्हणून?"

साताऱ्याला परतल्यावर मी ही गोष्ट आठ-दहा जणांना सांगितली. वसंताचा शेवट चालतो, गणाभाऊचा तर पळतो. मामीचा शेवट माझ्या तोंडून कधीच जमत नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. काही गोष्टींना सांगणारे दोघं लागतात.

ऑपरेशननंतर महिन्याने फोन केला तेव्हा मामीने ती गोष्ट पुन्हा सांगितली. "आणि पाय घरी आलं," ती म्हणाली आणि थांबली. पलीकडून, ओटीच्या शहाबादी फरशीवर, मामांच्या अनवाणी पायांचा आवाज आला. थप. थप. मग उंबऱ्याशी उभे राहिल्यासारखे गप्प.

"ऐकलंस?" मामी म्हणाली. "आता पानी घेऊन जाते."

आणि फोन तसाच ठेवून ती गेली.