मोबाईलात दिसंल तेवढी भिंत
चुन्याचा वास आला की मला टाळेबंदीतली शाळा आठवती. नातीचा वर्ग मोबाईलवर भरायचा, पण आमची मातीची भिंत पोरांना दिसंल म्हणून ती कॅमेराच लावीना. बाईंनी सांगितलं, "उद्या तोंडी परीक्षा, चेहरा दिसला तरच मार्क." पोरगी रडून राहिली. सकाळी मी मोबाईलात दिसंल तेवढी भिंत चुन्यानं पोतारली. आमची म्हातारी म्हणली, "सगळी तरी करा." म्हणलं, "परीक्षा तेवढ्याच भिंतीची हाय." नातीनं कविता घडाघडा म्हणली. मागचा ओला चुना बघून बाईंनी विचारलं, "भिंत कोणी रंगवली गं?" तिनं मोबाईल फिरवून उरलेली मातीची भिंत, शेळी अन् चुन्याच्या मिशीचा मी, सगळं दाखवलं. "हे माझे आबा." वर्ग हसला, सगळ्यांत मोठ्यानं तीच. आजबी अर्धापूरच्या बाजारात ती पोरं मला आबाच म्हणतेत, अन् मी पटका नीट करून थांबतो.