अक्काच्या गोष्टीचा आधीचा भाग

"आधीचं सोड, पुढचं बोल," असं म्हणत अक्का दातानं दोरा तोडायची. टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायला आम्ही शेजारी शेजारी बसायचो, आणि राहायलाही एकाच गल्लीत. दोन वर्षांचा मुलगा कडेवर घेऊन ती सोलापुरात आली. कपाळाला ठसठशीत कुंकू, पण नवरा कुठं दिसत नव्हता. घरात तेलुगू बोलायची आणि बाहेर तिच्या पद्धतीची मराठी.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची आणि स्वतःला फार हुशार समजणारी. अक्कल बहुधा वेणीत बांधलेली असावी, डोक्यात तरी नव्हती. अक्काच्या नवऱ्याला गप्पांत मी आधी मुंबईला पळवलं, मग कंटाळून विहिरीत ढकललं. ही विहिरीची गोष्ट मी नळावर रंगवून सांगत होते, तेवढ्यात मागून घागर घेऊन अक्काच आली.

"विहिरीत पाणी होतं का कोरडी?" तिनं विचारलं.

मी घाईनं माझी अर्धी भरलेली घागर बाजूला ओढली.

"पाणी घाल की थोडं. कोरड्यात लई लागलं असंल त्याला." एवढं बोलून तिनं घागर नळाखाली लावली.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. भांडत नाहीत, पण आपल्याला तोंड लपवायला जागा ठेवत नाहीत.

एका गणपतीत मंडळाच्या पोरांनी इंग्रजी सिनेमाचा व्हिडिओ भाड्यानं आणला. आकाशातलं जहाज आहे म्हटल्यावर त्यांना वाटलं, पुष्पक विमान असणार. पुढच्या रांगेत आम्ही बायका हात जोडून बसलो. निघाला राक्षस, माणसाच्या अंगात वाढणारा. अर्ध्या बायका चपला सोडून पळाल्या. मी पहिली. अक्का शेवटपर्यंत बसली.

"शेवटाला एक बाई उरती," दुसऱ्या दिवशी मशीनवर तिनं मला सांगितलं. "एकटी हाय, पण रडत बसत न्हाय."

त्यानंतर त्या राक्षसाच्या सिनेमाचा एकही भाग तिनं सोडला नाही. हिंदीतून आला की थेटरात जायचं, आणि मला ओढत न्यायचं.

मग बऱ्याच वर्षांनी सिनेमावाल्यांनी गाडी उलटी फिरवली. पहिल्या भागाच्या आधी काय घडलं, ते दाखवणारे भाग काढले. अक्काचा मुलगा पुण्याला नोकरीला, नात आजीपाशीच वाढलेली. ती आम्हा दोघींना मऊ खुर्च्यांच्या थेटरात घेऊन गेली. पडद्यावर राक्षस कुठून आला, कुणी घडवला, सगळं समजावून सांगत होते. मध्येच अक्कानं लाह्यांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"ह्याला आता कोण भिणार?"

"अगं, पण कुठनं आला ते कळलं ना."

"कळून काय केलं? तो आला तवा दार कुणी लावलं, ते बघायचं असतं."

गेल्या वर्षी नातीचं लग्न ठरत आलं. मुला-मुलीची पसंती झालेली. तरी चौकशी करायला कुर्डुवाडीहून मुलाची आत्या आली, आणि रिवाजाप्रमाणे आधी शेजारी, म्हणजे माझ्याकडे.

"मुलीच्या आजोबांचं काय ते कळल्याशिवाय आमच्यात पुढं जात नाहीत," आत्याबाई म्हणाल्या.

पोरीचं लग्न माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. माझ्याकडे नवरे तयारच होते. त्यातला बरा निवडला. "होटगीला रेल्वेत होते. देवमाणूस. तापानं गेले बिचारे."

"न्हवते," दारातून अक्का म्हणाली. मागे नात उभी.

अक्का आत येऊन बसली. "आजोबा न्हाईत. मी हाय. पोराला मी वाढवलं, हिला मी शिकवलं. ते इचारा, सगळं सांगते. त्याच्या आधीचं मी कुणाला सांगितलं न्हाय, तुमाला बी न्हाय."

"लग्न मोडलं तर?" आत्याबाई म्हणाल्या.

"मोडू दे की."

आत्याबाई उठून गेल्या. नातीनं आजीशी बोलणं टाकलं. मुलाकडून चार दिवस फोन नाही. अक्का बाहेर ओट्यावर ताठ बसायची, पण पुढ्यातला भात तसाच राहायचा, हे मी पाहिलं.

पाचव्या दिवशी नवरामुलगा एकटाच आला.

"तुला काय इचारायचंय?" अक्कानं दारातच अडवलं.

"तारीख," तो म्हणाला.

पत्रिकेत आजोबांच्या नावाची ओळ असते. अक्कानं तिथं फक्त स्वतःचं नाव घातलं. कुर्डुवाडीत ती पत्रिका आत्याबाईंनीच घरोघर वाटली, तोंड जरा वाकडं करून का होईना.

यंदाच्या उन्हाळ्यात अक्का गेली. दहाव्याला आलेली एक अनोळखी बाई माझ्याशेजारी टेकली आणि हळूच म्हणाली, "ह्या मूळच्या कुठल्या हो?"

पंचेचाळीस वर्षं मी हेच विचारत होते, आणि अजून मला उत्तर माहीत नाही.

"ह्याच गल्लीतल्या," मी म्हटलं.