समुद्र खाली होता

दवाखान्यात निघायच्या आधी मी अन् बायकोनं मिळून गादीची खोळ बदलली. "एवढी वर्षं झाली, तुमाले खोळ चढवता येत नाही," ती म्हणाली. ऑपरेशनले नेताना तिनं माझा हात धरला, डोळे मिटले अन् पुटपुटली, "खाली समुद्र हाय, मी सेतूवर हावो." हात माझा होता, शब्द एका जुन्या मिस्त्रीचे.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा आम्ही दोघं तिथं मजूर होतो. घमेलं घेऊन बांबूच्या परांचीवर चढताना ती खाली पाहून मधातच थांबायची. मी रोज म्हणायचो, "भेऊ नको, मी आहो ना." काही फरक पडत नव्हता.

मिस्त्री भंडाऱ्याकडला. नाव मी मुद्दाम विचारलं नाही. फळीले हात लावून तो आधी कपाळाले लावायचा, मग पाय ठेवायचा. एकदा तिले म्हणाला, "बाई, खुशाल खाली पाहा. समुद्र हाय. घमेल्यात सेतूचा दगड हाय. रामाच्या कामावरचं एक तरी वानर पडलं काय?"

"मले वानर म्हणून राहिले काय?" ती खळखळून हसली अन् सरळ चढून गेली. मी जळलो. पुढं घरात रामायण निघालं की मी उठून जायचो.

ती त्या ऑपरेशनमधून उठली नाही. संध्याकाळी जाळून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापाशी गेलो. सुतक होतं, म्हणून बाहेरूनच पुजाऱ्याले हाक मारली, "महाराज, सेतूची गोष्ट सांगा, पहिल्यापासून. मले घरात भेव लागून राहिलं."