आत्यानं फेकलेला तवा

नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचं पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं, त्याच वर्षी फाल्गुनात माझ्या आत्याला पाहायला नरखेडहून मंडळी आली. मुलगा मास्तर, सोबत त्याची आई. बाई उंबऱ्यातच म्हणाल्या, "आता परराज्यातली सून करा लागते बाप्पा!" अहो, मधे काय समुद्र होता? सकाळच्या गाडीत बसल्या आणि आल्या! मला अस्सा राग आला.

चहा-पोहे झाले. मग बाईंनी फर्मावलं, "पोरीच्या हातच्या पोळ्या खाऊनच जाऊ." आईचा चेहरा पडला. आत्याला शिवण यायचं, गाणं यायचं, झाडावर चढता यायचं. पोळी मात्र नाही. याच पोळीपायी आधीची स्थळं हातची गेली होती. बाबांना त्या काळजीनं झोप लागत नसे.

तेवढ्यात आभाळ काळंकुट्ट झालं आणि ताडताड गारा सुरू झाल्या, लिंबाएवढ्या. आमच्याकडे गारा पडल्या की चुलीवरचा तवा अंगणात पालथा फेकतात. म्हणे गारा थांबतात. आई ओरडायच्या आत आत्यानं तवा भिरकावला. घरात एक जास्तीचा होता, तोही. स्वयंपाकघरात एवढी चपळाई तिनं जन्मात दाखवली नव्हती! गल्लीतल्या साऱ्या घरांतून तवे धडाधड बाहेर पडले. गारा काही थांबल्या नाहीत. उलट नाला तुंबला, गढूळ पाणी गल्लीत शिरलं, बागेतली झडलेली संत्री तरंगत दारात आली. तवे पार गडप.

"आता पोळ्या कशावर करू बाई?" आत्यानं इतक्या दुःखानं विचारलं की मला हसू आवरेना. पाण्यामुळे पाहुण्यांना निघताही येईना. बाबांनी संत्री सोलून पुढे केली. बाईंनी तोंड फिरवलं.

पाणी जरा ओसरलं तसे मास्तर उठले. नवं धोतर वर खोचून पायानं चिखलात तवे चाचपत निघाले. ओट्याओट्यावरून बाया ओरडून राहिल्या, "मास्तर, माहा मोठा आहे, काठाले वाकलेला!" साऱ्या गल्लीचे तवे वाटून मास्तर आमचेही दोन्ही घेऊन आले. आत्याला तर रडूच फुटलं.

चूल पेटली. पहिली पोळी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला भोक.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"मले नाही येत पोळ्या," आत्या सरळ म्हणाली. "लाटून लाटून जीव गेला, नाही जमत."

बाबांनी कपाळाला हात लावला.

"सरका जरा." मास्तर हात-पाय धुऊन चुलीपुढे बसले. झरझर लाटली, शेकली, पोळी टम्म फुगली!

बाई उडाल्याच. "काहून रे? घरी तं पाण्याचा गिलास उचलत नाहीस!"

"नोकरीच्या गावी एकटाच राह्यतो ना, माय." त्यांनी ती पोळी आत्याच्या ताटात टाकली. "हिले जमत नसन तं मी करीन."

बाई काही बोलायच्या आत बाबांनी कुंकवाची वाटी मागवली.